अभ्यास, वैराग्य आणि नवीन पिस्तूल



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला पस्तिसावा. कालच्या श्लोकात अर्जुनाने तक्रार मांडली होती की हे मन वाऱ्यासारखं आहे, धरू म्हटलं तर हातात येत नाही. आज त्यावर भगवंतांचं उत्तर आहे. मला या उत्तराची एक गोष्ट फार आवडते. भगवंत आधी अर्जुनाचं म्हणणं मान्य करतात. हो बाबा, कठीण आहे खरंच, असं म्हणतात आणि मग उपाय सांगतात. उपाय दोन शब्दांचा आहे : अभ्यास आणि वैराग्य.

या दोन शब्दांसाठी आपण नेहमी जपाचं, ध्यानाचं, फार तर पेटीवर रियाज करणाऱ्याचं उदाहरण घेतो. आजचं उदाहरण वेगळं आहे आणि काही जणांना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे. गेल्या शनिवारी मी नवीन घेतलेलं पिस्तूल घेऊन पहिल्यांदा शूटिंग रेंजवर गेलो होतो. तिथे जे अनुभवलं ते तीन-चार दिवस डोक्यातून जात नाहीये, आणि आज नेमका हा श्लोक समोर आलाय. म्हणून लिहितोय.

आधी पिस्तूल का, ते सांगतो. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे भारतीयांच्या घरात सोनं असतं हे चोरांना चांगलं ठाऊक आहे. घर हेरून, दिवाळीच्या नाहीतर लग्नसराईच्या दिवसांत दागिन्यांसाठी फोडायचं, असे प्रकार अमेरिकेत बऱ्याच राज्यांत झालेत. यंदा आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे चोर आले तेव्हा घरात आजी एकट्या होत्या. त्यांना काही इजा झाली नाही, पण त्या अजून रात्री दिवा बंद करू देत नाहीत. त्यानंतर दोन महिने मी विचार केला, मग घेतलं.

घेणं सोपं होतं, इतकं सोपं की त्याचंच दडपण आलं. दुकानात एक सरकारी फॉर्म भरायचा, ४४७३ नंबरचा. नागरिक आहात का, तात्पुरत्या व्हिसावर आहात का, गुन्हा सिद्ध झालाय का, नशापाणी करता का, असे प्रश्न. एच-१बी वर असताना मला हे घेता आलं नसतं, काही अपवाद सोडले तर. आता नागरिक आहे. दुकानदाराने माहिती तपासणीसाठी पाठवली, थोड्या वेळात होकार आला आणि मी पिस्तुलाचा डबा घेऊन गाडीत बसलो. आपल्याकडे साताऱ्यात काकांनी शेतासाठी बंदुकीच्या परवान्याला कलेक्टर कचेरीत किती खेटे घातले होते ते आठवलं.

पिस्तूल ग्लॉक १९, नऊ मिलिमीटरचं. याची एक मजेशीर गोष्ट सांगतो. ऑस्ट्रियाच्या ज्या गास्टन ग्लॉक यांनी ही पिस्तुलं बनवली, त्यांचा आधीचा धंदा पडद्यांचे दांडे वगैरे बनवण्याचा. पिस्तुलाचा त्यांना अनुभव नव्हता, तरी १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्यांचंच पिस्तूल निवडलं. पकडीचा भाग प्लॅस्टिकचा. दिसायला अगदी रुक्ष, एखाद्या ड्रिल मशीनसारखं. भरलेल्या मॅगझिनसह वजन साधारण ८५० ग्रॅम, म्हणजे किलोला थोडं कमी. पंधरा गोळ्या मावतात. वेगळं असं सेफ्टीचं बटण नाही. ट्रिगरच्या मधोमध एक छोटी जीभ असते, बोट नीट मधे ठेवून दाबलं तरच तो मागे येतो. म्हणजे आणि गोळी सुटणं यांच्या मधे काय आहे, तर आपलं बोट. मला हे आधी भीतिदायक वाटलं. आता वाटतं, निदान यात काही लपवाछपवी नाही.

रेंजवर इन्स्ट्रक्टर होते, साठीच्या पुढचे, पोलिसातून निवृत्त झालेले. पहिली वीस मिनिटं त्यांनी पिस्तुलाला हातच लावू दिला नाही. नियम पाठ करून घेतले. जेफ कूपर नावाच्या गृहस्थांनी घालून दिलेले चार नियम इथे सगळीकडे शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं. जे नष्ट व्हायला नको आहे त्याच्यावरून नळीचं तोंड कधीही फिरवायचं नाही. निशाणा धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, याची खात्री असल्याशिवाय गोळी झाडायची नाही. मी मनात म्हटलं, हे तर यमनियमच झाले. आसन-प्राणायामाच्या आधी यमनियम का येतात, ते तिथे कळतं. उलट्या क्रमाने शिकवलं तर माणूस मरेल.

पहिली गोळी. कानात बोळे, वर मफ, तरीही तो आवाज छातीत वाजतो. हाताला बसणारा झटका मात्र मला वाटलं होतं तेवढा नव्हता. कुणीतरी मनगट धरून पटकन वर ढकलावं, तेवढाच. रिकामी पुंगळी उजवीकडे उडून भिंतीवर आपटली. जळक्या दारूचा वास आला, थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा, आणि एक क्षण उगाचच गल्लीत सुतळी बॉम्ब लावतोय असं वाटलं. लक्ष्य एकवीस फुटांवर होतं. इतक्या जवळून कुणीही मारेल असं वाटतं ना? माझ्या पहिल्या पाचही गोळ्या खाली आणि डावीकडे गेल्या. एकही मध्यावर नाही.

इथून पुढचं नीट वाचा, कारण श्लोकाचा संबंध इथे आहे.

इन्स्ट्रक्टरनी माझं मॅगझिन घेतलं, पाठ फिरवली आणि त्यात खऱ्या काडतुसांच्या मधे दोन-तीन खोटी काडतुसं घातली. कुठली कधी येणार, मला माहीत नाही. म्हणाले, झाडा. पहिली खरी निघाली, धडाम. दुसऱ्याला ट्रिगर दाबला तर नुसतं टक् झालं. आवाज नाही, झटका नाही, आणि तरीही माझ्या हातातलं पिस्तूल चांगलं दोन बोटं खाली झुकलं! धक्का बसलाच नव्हता, मग झुकलं कशामुळे? ते हसले. म्हणाले, ‘पिस्तूल ठीक आहे. धक्का यायच्या आधीच तुम्ही त्याला सावरायला जाताय.’

मंडळी, गेली अकरा वर्षं मी रोज ध्यानाला बसतो. मन पुढे पळतं, हे शेकडो वेळा वाचलंय, इथे लिहिलंय. पण मन पुढे पळाल्याचं माप दोन बोटांत कधी पाहिलं नव्हतं. कर्म व्हायच्या आधीच शरीर फळाला सामोरं जायला निघालेलं, आणि त्यामुळेच कर्म बिघडलेलं. दुसऱ्या अध्यायात फळावरची नजर काढायला सांगितलीय ती मी कायम वैराग्याची शिकवण म्हणून वाचत आलो. तो नेमबाजीचाही धडा निघाला, त्यात काही नवल नाही म्हणा, ऐकणारा अर्जुन होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही ध्यानवर्गात सांगतात तेच. श्वास अर्धा सोडून थांबा. नजर लक्ष्यावर नको, पुढच्या माशीवर ठेवा, लक्ष्य थोडं धूसर दिसू दे. ट्रिगर ओढू नका, हळूहळू दाब वाढवत जा. गोळी कधी सुटेल हे तुम्हालाही कळता कामा नये. मन आवाजाकडे गेलं की परत माशीवर आणा. पुन्हा गेलं, पुन्हा आणा. पस्तिसावी-चाळिसावी गोळी असेल, हात झुकायचा थांबला. पुढच्या पाच गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ लागल्या.

आणि मला आनंद झाला. नुसतं बरं वाटलं असं नव्हे, अगदी मनापासून आनंद झाला. डोक्यातली सगळी कलकल थांबलेली, आहे-नाही ते फक्त ती माशी. ध्यानात महिन्यातून एखाद्या वेळी लाभते ती शांतता इथे तासाभरात मिळाली. हे मी सजवून सांगत नाही आणि लपवतही नाही. पिस्तुलाबद्दल मला जी भीती होती ती तासाभरात गेली आणि तिच्या जागी आवड आली. घरी येताना मला खरी काळजी त्या आवडीची वाटू लागली.

या श्लोकावर बोलताना माउली मनाचा एक चांगला गुण सांगतात. मन ज्या गोडीच्या जागी एकदा जातं तिथे सोकावतं, म्हणून त्याला आत्मसुखाची गोडी लावा, असा त्यांचा रोख आहे. किती थोर विचार आहे! मनाच्या वाईट सवयीतूनच त्यांनी वाट काढली. पण हाच गुण उलटही चालतो ना. मन कुठेही सोकावतं. पत्त्यांच्या डावात सोकावतं, शेअरबाजारात सोकावतं. पिस्तुलातही सोकावेल. आजूबाजूला बघतोच की, एक घेतलेल्यांची चार झालीत.

आता लक्ष्याबद्दल. रेंजच्या काउंटरवर कागदी लक्ष्यांचे गठ्ठे होते. एक साधं, गोल वर्तुळांचं. दुसरं माणसाच्या आकाराचं, करड्या रंगाची छाती आणि डोकं. मी काही न बोलता गोल उचललं. आपल्याकडे अर्जुनाच्या पोपटाच्या डोळ्याची गोष्ट सगळे सांगतात, एकाग्रतेसाठी. त्यातला एक तपशील मात्र सांगताना गळून जातो. महाभारतात तो पक्षी खरा नव्हता, द्रोणाचार्यांनी कारागिरांकडून करवून घेऊन झाडावर बसवलेला खोटा पक्षी होता. (आणि पोपटही नव्हता, पण ते जाऊ दे.) शिष्याची परीक्षा घ्यायला त्यांनी जीव मांडला नाही. माझं गोल लक्ष्य मला तसंच वाटलं, निर्दोष.

शेवटच्या दहा गोळ्यांना इन्स्ट्रक्टरनी दुसरा कागद लावला, माणसाचा. मला विचारलं, घरासाठी घेतलंय ना? मी हो म्हटलं. मग हे लावायला पाहिजे, म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी दहा झाडल्या. नऊ छातीच्या चौकटीत.

खरं सांगू? बोटाला काही फरक कळला नाही. वर्तुळ होतं तेव्हा जसं दाबलं गेलं तसंच आताही. श्वास तसाच, माशी तशीच, आणि नऊ लागल्यावरचा आनंदही, थोडा का होईना, तसाच. मला वाटलं होतं हात थरथरेल. अभ्यासाचं हेच काम असतं, हात थरथरू न देणं. अभ्यासाला समोर कोण आहे ते कळत नाही. म्हणूनच बहुधा श्लोकात तो शब्द एकटा येत नाही, वैराग्याबरोबर येतो. रेंजवर पन्नास गोळ्यांच्या खोक्याबरोबर अभ्यास विकत मिळतो. वैराग्याचं काउंटर नसतं, ते घरून न्यावं लागतं. आणि ते माझ्याकडे पुरेसं आहे का, हा प्रश्न आहे.

घरी आल्यावर आधी हात धुतले, थंड पाण्याने, साबण लावून दोनदा. शिशाची बारीक धूळ हाताला लागते, ती पोटात जाऊ नये म्हणून तसं करायला सांगतात. हिने चहा टाकला होता. ‘कसं झालं?’ म्हणून विचारलं, मी सगळं सांगितलं, कागदसुद्धा दाखवला, गोल. दुसरा गाडीतच ठेवला होता, तोही मग आणून दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, ‘अहो, तुमच्या हातून झालंच असं कधी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसाल का?’

मी बसेन म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि बसणार नाही म्हटलं असतं तरी खोटंच. मी गप्प राहिलो. चहा प्यायलो.

अशा वेळी लोक लगेच गीतेचा दाखला देतात, हे मला ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज येतात, गीता लढायला सांगते म्हणून, खाली तलवारीचं चित्र. मला त्याचा उबग आलाय. युद्धाच्या आधी उद्योगपर्व आहे, ते कोण वाचतं? स्वतः भगवंत शिष्टाईला गेले होते. मागणं कुठवर खाली आणलं होतं, तर पाच गावांवर. सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर कुरुक्षेत्र आलं. आणि तिथेही अर्जुनाने काय केलं? रथ दोन्ही सैन्यांच्या मधे उभा करायला लावला आणि चेहरे पाहिले. आजोबा, गुरू, मामा, भाऊ. चेहरे पाहिले म्हणून प्रश्न पडला, प्रश्न पडला म्हणून गीता झाली. माझ्या त्या करड्या कागदावर चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. रात्री दोन वाजता पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या माणसालाही चेहरा नसतो. तो चोर असू शकतो, आणि पाणी प्यायला उठलेला आमचा पंधरा वर्षांचा चिरंजीवही असू शकतो. कूपरचा चौथा नियम आठवा.

टेक्सासचा कायदा या बाबतीत बराच सैल आहे. काही अटींवर, रात्रीच्या चोरीत नुसती मालमत्ता वाचवण्यासाठीही प्राणघातक बळ वापरायची मुभा तो देतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबात हिच्या पाटल्यांसाठी माणूस मारणं बसू शकतं. माझ्या हिशेबात बसत नाही. याबाबत मला अजिबात शंका नाही. पाटल्या गेल्या तर गेल्या. म्हणून आमची शिष्टाई आम्ही सुरू केली : सोनं सगळं बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवलं, मागच्या दारी आपोआप लागणारे दिवे बसवले, दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांशी बोललो, ज्यांच्याशी सात वर्षांत हात हलवण्यापलीकडे संबंध आला नव्हता. एक शेजारीण निवृत्त नर्स निघाली, तिने आपण होऊन फोन नंबर दिला. एवढं झाल्यावर पिस्तुलासाठी काम काय उरलं? घरातल्या कुणाचा जीव जात असेल तेव्हाच. तिथे माझी अहिंसा थांबते, असं आज तरी मला वाटतं. घरातल्या आजीला मरू देऊन मी अहिंसक राहिलो, असं मला म्हणता येणार नाही.

पण दुसरी एक बाजू आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. दाराबाहेरच्या शत्रूसाठी घेतलेलं शस्त्र घरातल्याच माणसावर उलटतं, आणि बहुतेक वेळा ज्याच्या हातात असतं त्याच्यावरच. याच सहाव्या अध्यायात पाचव्या श्लोकात शत्रूचा पत्ता दिलाय, आपण त्यावर महिन्याभरापूर्वी बोललो होतो. तो बाहेरचा नाही. त्या दिवशी मी ते भाषेच्या अंगाने समजावलं होतं. आज तो आकडा त्याच्याशेजारी ठेवून वाचा.

आमच्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. चांगला मुलगा आहे, हसरा आहे. तरी पंधरा वर्षांचा आहे, आणि त्या वयातलं मन म्हणजे कालच्या श्लोकातला वारा. इथल्या कायद्याने सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणे पडू दिली तर आई-बापावर गुन्हा होतो. कायदा नसता तरी मी तेच केलं असतं : नंबरची सेफ, पिस्तूल रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. इन्स्ट्रक्टरना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग गरजेच्या वेळी तुम्हाला दोन-तीन मिनिटं लागतील. हो, लागतील. त्या दोन-तीन मिनिटांनी घर कमी सुरक्षित होतं की जास्त, याचं उत्तर कोणता दिवस उजाडतो त्यावर आहे, आणि तो दिवस मला निवडता येत नाही.

आईला कराडला फोनवर सांगितलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली, ‘दसऱ्याला पुजणार का रे?’ आमच्याकडे खंडेनवमीला आजोबांचा कोयता, विळे, खुरपी, वजनकाटा, सगळं मांडून झेंडूची फुलं वाहायची पद्धत. मी विचार करत राहिलो. कोयत्याची पूजा करतो ती त्याने वर्षभर ऊस तोडला म्हणून. त्याचं काम झालं, म्हणून फूल. या वस्तूने वर्षभर काहीच करू नये अशी मी रोज प्रार्थना करणार. मग फूल वाहायचं ते काय म्हणून? न केलेल्या कामाबद्दल? आईला म्हटलं, बघू, दसऱ्याला अजून वेळ आहे.

महिन्यातून एकदा रेंजवर जायचं ठरवलंय. हातात नसलेलं कौशल्य घरात ठेवणं जास्त धोक्याचं, हे मला पटलंय. एकच पिस्तूल, एकच खोकं, पन्नास गोळ्या, आणि जाऊन आल्यावर त्या दिवशी रात्री जपाच्या दोन माळा जास्त. त्याने वैराग्य येतं का, माहीत नाही. मन ज्या गोडीला सोकावेल असं वाटतं तिच्यासमोर दुसरी गोडी ठेवायची, माउलींची युक्ती आहे, करून बघतो. ज्यांच्या घरात शस्त्र आहे, सैन्यातले, पोलिसातले वाचक आहेत इथे काही, त्यांनी जरूर लिहा. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

काल रात्री जेवताना चिरंजीवांनी विचारलं, ‘बाबा, मला कधी नेणार?’ ही माझ्याकडे बघत होती. मी त्याला म्हटलं, सहावा अध्याय संपू दे, मग तू, मी आणि आई बसून बोलू. तो म्हणाला, किती श्लोक राहिले? आजचा धरून तेरा.

उद्या छत्तिसावा.

राम कृष्ण हरी.